दोन क्रेडिटचे सर

समोर काहीही घडलं की सर उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे आणि म्हणायचे, “ताई, यात दोन क्रेडिट आहेत.”

अंजूरफाट्याला कंटेनर आडवा होऊन ट्रॅफिक तुंबलं: “संयम आणि रस्त्यावरील वर्तन. दोन क्रेडिट.” नळाला पाणी आलं नाही: “प्रतीक्षेचं व्यवस्थापन. दोन क्रेडिट.” माझ्या गाळ्यासमोर दोन रिक्षावाले एकमेकांच्या आयाबहिणींपर्यंत पोचले: “संवादकौशल्ये. यात चारसुद्धा निघतील.”

ज्यांची मुलं हल्ली कॉलेजात आहेत त्यांना क्रेडिट म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे पुठ्ठा किलोवर जातो, तसं कॉलेजात शिक्षण क्रेडिटवर जातं. ठरलेलं वजन भरलं की पदवी. पूर्वी अख्खे विषय असायचे. आता त्यांचे तुकडे करून प्रत्येकाला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूलचेही गट पाडलेत, त्यांना बास्केट म्हणतात. कोणतं मॉड्यूल कोणत्या बास्केटमधून उचलायचं याचे नियम आहेत, आणि ते नियम समजावून सांगणाऱ्यालाही क्रेडिट द्यायला हवेत इतके अवघड आहेत. मला ते सरांनीच समजावले. मी दहावीनंतर वर्गाचं तोंड पाहिलेलं नाही. मानकोलीच्या गोदामांतून निघणारी वापरलेली खोकी उचलायची, निवडायची, दुसऱ्याला विकायची, हा माझा धंदा. डोक्यावरून भारे वाहून सुरू केला, आता स्वतःचे टेम्पो आहेत. कोणी हात दिला नाही. दिला असता तर त्याचाही भाव केला असता.

सरांचं नाव सांगत नाही, कॉलेजचंही नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. त्यांच्यावर माझा राग आहे. पुढे कुठे मी त्यांचं कौतुक करतेय असं तुम्हाला वाटलं, तरी राग आहे हे धरून चाला.

ते पहिल्यांदा आले ते खोक्यांसाठीच. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती, आणि जिन्याखाली साठलेले जुने कागद तिच्या नजरेआड करायचे होते. मी भाव सांगितला. दुप्पट सांगितला, कारण पहिला भाव पाडण्यासाठीच सांगायचा असतो. सर म्हणाले, “ठीक आहे.”

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगितला.

“हो, ठीक आहे ना.”

तुम्ही धंदा केला असेल तर माझं डोकं का फिरलं ते कळेल. गिऱ्हाईक भांडलं नाही तर माल विकल्यासारखाच वाटत नाही. “मास्तर, शिकलेले हाय ना तुम्ही?” मी म्हटलं. “जरा तरी कमी करा म्हनायचं!”

“तुम्ही सांगितलेला भाव खोटा आहे, असं मी कशावरून धरू?”

“मंग खरा हाय असं तरी कशावरून धरलं?”

हातातलं खोकं सरांनी खाली ठेवलं. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला. “ताई, फार मोठा प्रश्न विचारलात,” म्हणाले, आणि एखादी गोष्ट खरी धरायला काय काय लागतं ते चहा गार होईपर्यंत सांगत बसले. शेवटी वैतागून मीच निम्म्या भावात खोकी दिली. सरांनी आयुष्यात केलेला तो एकमेव चांगला सौदा, आणि आपण तो केला हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

ते तर्कशास्त्र शिकवायचे. आता भिवंडीत हा विषय कोण घेणार? पोरांना अकाउंट पाहिजे, कॉम्प्युटर पाहिजे, गोदामात सुपरवायझर होता येईल असं काहीतरी पाहिजे. सरांच्या वर्गात बाकं जास्त आणि पोरं कमी. आणि कॉलेजात एक जीवघेणी गोष्ट असते, तिला वर्कलोड म्हणतात. प्राध्यापकाच्या विभागाला ठरलेल्या तासिका भरल्या पाहिजेत. नाही भरल्या तर माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो. मग त्याला उचलून जिथे जागा असेल तिथे पाठवतात आणि त्याच्यामागे विषयाला कुलूप लागतं. “एकदा बंद झालेला विषय पुन्हा उघडत नाही, ताई,” सर म्हणायचे. हे एवढं वाक्य बोलताना त्यांची बोटं वर जायची नाहीत.

म्हणून ते मॉड्यूल काढत सुटले होते. काहीही करून तासिका भरायच्या आणि तर्कशास्त्राचं दार उघडं ठेवायचं. ‘ताणव्यवस्थापन’ ज्या खोलीत चालायचं तिच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना होता. त्यामुळे शांतपणे श्वास आत घ्या, हे सरांना बोंबलून सांगावं लागायचं. ‘प्रामाणिकपणा आणि मूल्ये’ या पेपरला सगळ्यात जास्त पर्यवेक्षक लागायचे, कारण कॉपी त्याच पेपरला सगळ्यात जास्त व्हायची. ‘वेळेचे नियोजन’ या मॉड्यूलचा निकाल मी हे लिहीपर्यंत लागलेला नाही.

एका दुपारी सर माझ्या गाळ्यात चहा पीत बसले होते. एका गोदामाचा मॅनेजर खोक्यांच्या सौद्याला आला होता. मी माझा भाव सांगितला, त्याने त्याचा. मी त्याच्या मालाला नावं ठेवली, त्याने माझ्या तोंडाला. मग तो “राहू द्या, जातो मी” म्हणून उठला. मी पंखा पुसायला घेतला. तो कोपऱ्यापर्यंत गेला, रेंगाळला आणि परत आला. सौदा माझ्या भावाने झाला.

सरांचा चहा हातात तसाच. दोन बोटं हळूहळू वर.

“ताई, यात दोन...”

“यात माझं पोट हाय,” मी म्हटलं.

पण त्यांच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. नव्या मॉड्यूलचं नाव ठरलं: ‘मोलभाव: तत्त्वे आणि व्यवहार’. रोज संध्याकाळी ते येऊन बसायचे आणि मला उलटसुलट विचारायचे.

“तो परत येईल हे तुम्हाला कसं कळलं?”

“त्याचा टेम्पो माल भरून बाहेर उभा व्हता.”

“म्हणजे त्याच्या गरजेवरून तुम्ही अनुमान काढलंत.”

“मी टेम्पोवरून काढलं.”

माझ्या तोंडची साधी वाक्यं ते घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी धुऊन इस्त्री करून आणायचे. अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत त्यांनी लिहिलं होतं, “हा घटक पूर्ण केल्यावर विद्यार्थी दुकानातून उठून जाण्याचा योग्य क्षण ओळखू शकेल.” त्याखाली, “समोरच्याने हाक मारेपर्यंत मागे वळून न पाहण्याचा सराव करेल.” मी हसून हसून खाली बसले. सर हसले नाहीत. त्यांचे डोळे चमकत होते. “ताई,” ते म्हणाले, “हे तर निव्वळ तर्कशास्त्र आहे!”

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं होतं.

मग आला विषयनिवडीचा दिवस. तुमच्यापैकी कोणी तो पाहिला नसेल तर जरूर पाहा, तिकीट नसतं. कॉलेजच्या पटांगणात मांडव, मांडवात टेबलं, टेबलामागे एरवी कॉरिडॉरमधून मान ताठ ठेवून चालणारे प्राध्यापक, आणि प्रत्येकाची नजर आत येणाऱ्या पोरावर. भूगोलाच्या बाई सांगत होत्या, “आमच्याकडे फील्ड व्हिजिट आहे, अकलोलीची गरम कुंडं. जेवण वज्रेश्वरीला!” मानसशास्त्रवाले स्वभाव फुकट तपासून देत होते. इतिहासाच्या सरांनी एका पोराच्या खांद्यावर हात टाकून हजेरीबद्दल कानात काहीतरी सांगितलं आणि पोराने लगेच सही केली. तीनबत्तीच्या भाजीबाजारात यापेक्षा जास्त अब्रू राखून माल विकतात.

आमचे सर सगळ्यात शेवटच्या टेबलामागे पुस्तक वाचत बसले होते, आणि त्यांनी बोलावलं म्हणून शेजारी मी. एक मुलगा चुकून तिथे पोचला. “सर, सोपं आहे का?”

“नाही,” सर म्हणाले.

मुलगा गेला.

माझा जीव तळमळला. माल चांगला असून विकणारा असा बसलेला मला बघवत नाही. मी उठले, पदर खोचला आणि टेबलासमोर उभी राहिले. “ए, इधर आ! इधर देख!” यंत्रमागवाल्यांची पोरं थबकली.

“आँटी, इसमें क्या है?”

“इसमें वो है, जो तेरे बाप को सेठ के सामने नहीं आता.”

एक हसला, दुसरा आला, मग त्याने तिसऱ्याला ओढून आणलं. मराठी पोरांना मराठीत ओढलं, हिंदीवाल्यांना हिंदीत. भूगोलाच्या बाई जेवणात गोड पदार्थही असेल असं सांगू लागल्या, पण उशीर झाला होता. दुपारपर्यंत मोलभावाच्या मॉड्यूलला जागा उरली नाही. सर मला वारंवार सांगत होते, “ताई, त्यांना शेजारच्या कागदाबद्दलही सांगा ना.” शेजारचा कागद तर्कशास्त्राचा होता. मी म्हटलं, “आधी दुकान तर चालू ऱ्हाऊ द्या.”

या मॉड्यूलची उद्योगतज्ज्ञ मीच, त्यामुळे पहिला तास माझा. खरं सांगते, तो पार पडला नाही, आडवा झाला. मला जे येतं ते मी चहा निवायच्या आत सांगून मोकळी झाले, आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. मग मी मागच्या बाकावरच्या मुलाला मोबाइल बघतो म्हणून झापलं, त्यातही फार वेळ गेला नाही. सरांनी हळूच खडू घेतला. टेबलावर एक रिकामं खोकं ठेवलं. एकाला विकणारा केलं, एकीला घेणारी. बाकीच्यांना एकच काम: दोघं न बोलता काय काय धरून चालले आहेत ते ओळखायचं.

ज्या माणसाला कोथिंबिरीची जुडी घेता येत नाही, तो असा शिकवत होता की मीच बाकावर जाऊन बसले. मी जे नुसतं करते ते का होतं, हे मला त्या वर्गात कळलं. शबनम नावाची एक मुलगी होती, तिने तर सरांवरच प्रयोग केला. प्रोजेक्टची तारीख पुढे ढकलायला आली, सरांनी नाही म्हटलं, तर ती “ठीक है सर, मग मी अर्धवटच देते” म्हणून वळली आणि चालू लागली. सरांनी हाक मारली. तारीखही दिली आणि वर पूर्ण गुणही दिले.

त्या दिवसांत सर दोन दोन पायऱ्या एकदम चढायचे. वर्ग भरलेला, तासिका भरलेल्या, दार उघडं.

आणि मग वर्कलोडचा तक्ता लागला. तर्कशास्त्र विभागाच्या पुढे मोलभावाच्या तासिका नव्हत्याच. त्या वाणिज्य विभागाच्या पुढे होत्या. कारण मॉड्यूल कौशल्याच्या बास्केटमध्ये होतं, आणि आमच्या कॉलेजात ते बास्केट वाणिज्याच्या मालकीचं. शिकवलं सरांनी, घसा सरांचा बसला, पण हिशोबात ते सगळं वाणिज्याच्या मॅडमनी शिकवलं होतं. मॅडमना त्या वर्गाची खोलीही माहीत नव्हती. तर्कशास्त्राच्या पुढे जे उरलं त्यात विभाग टिकत नव्हता.

“असं कसं केलं तुम्ही?” मी सरांना विचारलं. “बास्केट कोनी निवडलं?”

“मीच,” सर म्हणाले. “मोलभाव हे कौशल्यच आहे ना, ताई.”

एवढी शिकलेली माणसं, पण माल कुणाच्या गोदामात उतरवतोय हे कोणी बघितलं नव्हतं.

मी थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. सरांना मागे ओढत नेलं. आधी मी ओरडले, कारण सुरुवात वरच्या पट्टीत केली की खाली यायला जागा राहते. मग पोरांची नावं घेतली, त्यांच्या बापांची घेतली, कॉलेजच्या संस्थेतल्या कोणकोणाची खोकी माझ्याकडून जातात तेही सहज बोलून गेले. प्राचार्यांनी पाणी मागवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना फक्त कटकट नको होती, आणि त्या घटकेला सगळ्यात मोठी कटकट मी होते. हळूहळू ते खाली आले. मॉड्यूल पुढच्या वर्षी तर्कशास्त्राच्या नावाने दाखवता येईल. वाणिज्याच्या मॅडमना बोलावून घेतलं, त्यांचीही हरकत नव्हती, त्यांना त्या तासिका नकोच होत्या. तक्ता दुरुस्त होईल.

“फक्त एक औपचारिकता,” प्राचार्य म्हणाले. “अभ्यासक्रम समितीच्या इतिवृत्तात यायला हवं, म्हणून विचारतो. सर, हा विषय तर्कशास्त्राचा आहे, असं आपलं विभागप्रमुख म्हणून मत आहे ना?”

मी सरांकडे पाहिलं. सौदा झाला होता. नुसतं हो म्हणायचं राहिलं होतं.

“काटेकोर अर्थाने,” सर म्हणाले, “नाही.”

मी टेबलावर हात आपटला.

“ओ सर,” मी म्हटलं, “तुम्हीच बोलले व्हते ना माझ्या गाळ्यात? निव्वळ तर्कशास्त्र हाय म्हणून?”

“बोललो होतो, ताई. तेव्हा मी भारावलो होतो. भारावून केलेलं विधान पुरावा म्हणून धरता येत नाही.” आणि मग तो माणूस प्राचार्यांकडे वळून समजावून सांगू लागला. ज्यात विचार लागतो ते सगळं तर्कशास्त्र असेल, तर स्वयंपाकही तर्कशास्त्र होईल आणि रिक्षा चालवणंही. तर्कशास्त्र माणूस काय मिळवतो ते बघत नाही, एका वाक्यातून दुसरं वाक्य खरोखर निघतं का, एवढंच बघतं. इतकं स्वच्छ, इतकं सुंदर त्यांनी सांगितलं की वाणिज्याच्या मॅडम मान डोलवायला लागल्या. आपला विभाग का बंद व्हावा हे इतक्या चांगल्या तऱ्हेने त्या कॉलेजात कोणी सांगितलं नसेल.

प्राचार्य उभे राहिले. त्यांनी सरांचा हात हातात घेतला. “सर, तुमच्यासारखी स्पष्ट माणसं हल्ली राहिली नाहीत,” म्हणाले. लवकरच त्यांच्याही कॉलेजात ती राहणार नव्हती.

जिन्यात मी सरांना धरलं. शिपाई बघत होता, बघू दे म्हटलं.

“एक हो म्हनायला काय जात व्हतं तुमचं? मी सगळं जमवून आनलेलं! ताणाचं मॉड्यूल काढलं, पाण्याची वाट बघायचं मॉड्यूल काढत व्हते, तवा न्हाय लाज वाटली?”

“ती मॉड्यूल वाईट होती, ताई, पण मी त्यांना तर्कशास्त्र म्हटलं नव्हतं.” सर कठड्याला धरून उभे होते. “हो म्हटलं असतं, तर उद्या वर्गात जाऊन काय शिकवलं असतं?”

“वर्गच न्हाय ऱ्हायला आता!”

“हो,” सर म्हणाले. जरा विचार केला. “तेही बरोबर आहे.”

तुम्हीच सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? मी आयुष्यभर समोरच्याचा खोटेपणा हेरून त्यावर पाय देऊन भाव पाडत आले. या माणसाकडे पाय ठेवायला जागाच नव्हती. आणि माझा हाताशी आलेला सौदा त्याने माझ्यादेखत मोडला. पैशाचा सौदा मोडला तर मी दुसऱ्या दिवशी विसरते. हा मी माझ्यासाठी केलेला नव्हता, म्हणून विसरता येत नाही.

सरांना जव्हारच्या पुढे, डोंगरातल्या एका कॉलेजात पाठवलं. पुस्तकं भरायला खोकी मी दिली. तेव्हाही मी त्यांच्याशी धड बोलले नाही. इथल्या तर्कशास्त्राच्या खोलीत आता झेरॉक्स मशीन आहे. मोलभावाचं मॉड्यूल मात्र जोरात चालतं. एक तरुण मुलगा पडद्यावर चित्रं दाखवून ते शिकवतो, आणि वर्षातून एकदा मला बोलावून शाल देतो.

परवा मी फोन केला. भांडण अर्धवट राहिलं होतं, ते पुरं करायला. गाळ्यात शेजारच्या यंत्रमागांचा आवाज येतो म्हणून रस्त्यावर येऊन उभी राहिले. समोर टेम्पो भरत होता.

“ताई!” सर म्हणाले, “कशा आहात? इथे तर्कशास्त्राला पोरं आहेत. फार नाहीत, पण बसतात हो.”

“मला तुम्हाला येक सांगायचंय,” मी सुरू केलं.

“सांगा, सांगा. पण जरा थांबा, तासाची घंटा झाली. तास झाला की मीच करतो.”

त्यांनी फोन बाजूला ठेवला, पण बंद केला नाही. टेबलावरच ठेवला असावा. बाकं सरकल्याचे आवाज आले. खडूचा आवाज आला. सर काहीतरी लिहीत होते आणि लिहिता लिहिता वाचत होते, मला सगळं कळत नव्हतं. मग एक मुलगी म्हणाली, “सर, ह्यां नाय पटत माला.”

मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही.

“वा!” सरांचा आवाज आला. “कुठलं नाही पटलं? पहिलं वाक्य, की दुसरं? ये, पुढे ये. खडू घे.”

टेम्पोवाल्याने निघायचं म्हणून इंजिन चालू केलं. मी त्याला हात करून ते बंद करायला लावलं, आणि दुसऱ्या कानात बोट घातलं.